दादांचा फिलिप्स पुन्हा लागला: गंजगोलाईजवळचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान

लातूरच्या गंजगोलाईतून, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेतून, सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एकावर भांड्यांची दुकानं संपली की एक चिंचोळा गाळा लागतो. रेडिओ, टेप, मिक्सर, पंखे, जे काही वाजतं किंवा फिरतं ते सगळं तिथं दुरुस्त होतं. तुमच्याबद्दल लिहू का, असं मी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिवा की ताई. पण नाव नगं, अन् फोन नंबर तर मुळीच नगं. एकट्याचं काम हाय माझं." म्हणून नाव देत नाही. गोलाईत कुणालाही 'जुने रेडिओ करणारे काका' म्हणून विचारा, बोट करून दाखवतात.

मी नेलेला सेट फिलिप्सचा, दोन बँडचा ट्रान्झिस्टर. चार मोठ्या सेलवर चालणारा, वर रेक्झिनचं तपकिरी कव्हर. १९७७ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी तो घेतला. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. ते पुस्तकही अजून घरात आहे. दादा डाळमिलमध्ये मुनीम होते आणि कागद फाडून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. २०१९ मध्ये ते गेले. गेल्या उन्हाळ्यात आईची लोखंडी पेटी आवरताना जुन्या सतरंजीत गुंडाळलेला हा सेट हाताला लागला. आत सेल तसेच राहिले होते. ते गळून डब्यातल्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर चढला होता, डायलची दोरी तुटलेली, काटा एका टोकाला आडवा पडलेला. आणि उजवीकडचा खालचा कोपरा फुटलेला. तो कोपरा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे फुटला. त्या कोपऱ्यामुळेच मी हा रेडिओ भंगारात दिला नाही.

आधी मी तो दुसऱ्या एका दुकानात नेला होता. तिथल्या मुलानं मागचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात काही राहिलं नाही. आतलं सगळं काढून टाकतो आणि ब्लूटूथचं किट बसवतो, पेन ड्राइव्हसुद्धा लागेल. बाहेरून तुमचा जुनाच दिसेल." हजार-बाराशे सांगितले. मी सेट उचलला आणि निघाले. त्या मुलाला मी दोष देत नाही, आजकाल बहुतेकांना तेच हवं असतं. पण मला बाहेरून जुना दिसणारा रेडिओ नको होता. मला तो आवाज हवा होता.

काकांनी सेट हातात घेतल्यावर आधी काही बोललेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवला, भिंगाचा दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ आत बघत बसले. मग म्हणाले, "हे कुणीतरी नुकतंच उघडलंय." मी सगळं सांगितलं. "किट नगं ना?" "नको." "मग वेळ लागल. एसी १२८ ट्रान्झिस्टरची जोडी आता बाजारात मिळत नाही, माझ्याजवळ थोडी हाय." आणि मग त्यांनी एक गोष्ट विचारली, जी दुसऱ्या दुकानात कुणी विचारली नव्हती. फुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे जोडायचं का असंच ठिवायचं?"

मी म्हटलं, असंच ठेवा, भूकंपात पडला होता. त्यांनी मान हलवली. बाहेरगावच्या माणसाला मला 'कुठला भूकंप' हे सांगावं लागलं असतं. लातुरात लागत नाही. आमच्याकडे लग्नं, बाळंतपणं, जमिनीचे व्यवहार सगळे अजून भूकंपाच्या आधी किंवा नंतर असेच मोजतात.

त्या वेळी मी चौदा वर्षांची होते. २९ तारखेला अनंत चतुर्दशी होती. गोलाईतल्या मिरवणुका बघून आम्ही घरी आलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. पत्र्याच्या दोन खोल्यांचं आमचं भाड्याचं घर. दादांच्या उशाशी भिंतीला एक फळी होती आणि तिच्यावर हा रेडिओ. रात्रीच्या बातम्या ऐकून ते तो हातानेच बंद करायचे, उठून बसायला लागू नये म्हणून.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, ही वेळ आम्हाला नंतर कळली, आधी आवाज आला. लांबून एखादा भरलेला ट्रक दगडी रस्त्यावरून येतोय आणि तो थांबतच नाहीये, असा. मग पत्रे थडथडायला लागले. मांडणीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली, आणि त्यात रेडिओही शहाबादी फरशीवर आपटला. तो आवाज भांड्यांपेक्षा वेगळा होता, म्हणून मला आठवतो. दादा ओरडले, "भायेर! भायेर व्हा आधी!" आईनं धाकट्या भावाला दंडाला धरून ओढत नेलं. अंगणात आलो तोवर दिवे गेले होते. सगळी गल्ली अंधारात रस्त्यावर उभी.

आणि मग दादा पुन्हा आत गेले. आई किंचाळली. ते मिनिटभरात बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात रेडिओ होता आणि दुसऱ्या हातात घरंगळलेले सेल. आई त्यांना एवढं बोलली, एवढं बोलली, की आजही त्या पहाटेचं आठवायला लागलं की माझ्या कानात आधी आईच येते. "पोरं भायेर अन् तुम्ही खोक्यापायी आत जाताव!" दादांनी उत्तर दिलं नाही. सेल बसवले, निसटणाऱ्या झाकणाला आईच्या पदराची पिन काढून अडकवली आणि बटण फिरवलं.

नुसती खरखर.

आताच्या पोरांना हे सांगावं लागतं, की तेव्हा आमच्या भागातली आकाशवाणीची स्टेशनं रात्री बंद व्हायची. त्या पहाटे मीडियम वेव्हवर आमच्या रेडिओला काहीच लागेना. शॉर्ट वेव्हवर कुठली तरी परकी भाषा यायची आणि लाटेसारखी दूर जायची. गल्लीतले पंधरा-वीस जण त्या खोक्याभोवती बसले होते. "लावा हो मुनीमजी, कायतरी सांगत्यालच." दादा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेत होते आणि पुन्हा परत आणत होते. दोन तास.

कुणी म्हणालं, कोयनेला झाला असंल. मोठ्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवत होता, म्हणून सगळ्यांच्या तोंडी तेच. आपल्याच पायाखाली काही झालं असेल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शाळेत आम्ही शिकलो होतो की दख्खनचं पठार म्हणजे टणक काळा दगड. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशातही हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

दादा मात्र कोयनेबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची बहीण किल्लारीला दिली होती. लातूरहून औसा, लामजना आणि पुढं किल्लारी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आदल्या वर्षीपासून तिकडे जमीन अधूनमधून हादरत होती. दिवाळीला आत्या आली होती तेव्हा म्हणाली होती, "दादा, रातच्याला भांडी वाजत्यात बघ, जीव घाबरतो." आणि दादांनी तिला हसून सांगितलं होतं, "तुझं घर हाय दगडाचं. अडीच हात रुंद भिंत. माझ्या पत्र्यापेक्षा तूच बरी."

ते घर मला नीट आठवतं. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की अंगावरून थंडगार पाणी गेल्यासारखं वाटायचं. दगड आणि मातीत बांधलेल्या भिंती, लाकडी खांब, वर माळवद आणि माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकायची. आजोबा, पणजोबा करत करत तिथं दोन-दोन फूट माती साचलेली. उन्हापासून राखणारं ते ओझं होतं. भिंतीतले दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, मधे मातीच होती. हलवलं की आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी सुटते आणि वरचं सगळं खाली येतं. हे मी पुढं शिक्षिका झाल्यावर वाचलं. दादांना ते त्याच आठवड्यात समजलं, वाचून नव्हे.

सहा वाजायला पाच मिनिटं असताना खरखर थांबली आणि आकाशवाणीची ती रोजची धून आली. मग वंदे मातरम्. मग भक्तिगीतं, रोजच्यासारखी. गल्लीतल्या बायका पदर सावरून नीट बसल्या, जणू आता कुणी तरी येऊन सांगणार. पण गाणीच चालू राहिली. मला तेव्हा त्या गाण्यांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, स्टेशनवरच्या माणसांना तरी काय माहीत असणार.

त्यानंतर सगळं एकदमच आलं. सिव्हिल हॉस्पिटलकडे टेम्पो चाललेत, जीप चालल्यात, किल्लारीकडची माणसं आहेत, असं सायकलवरून कुणी सांगत गेलं. बातम्यांतही आलं. त्यातलं एकही वाक्य माझ्याजवळ राहिलेलं नाही. राहिलाय तो दादांचा हात. 'लातूर' ऐकल्याबरोबर त्यांनी आवाज वाढवायच्या ऐवजी रेडिओ पोटाशी धरला होता.

ते शेजाऱ्यांच्या स्कूटरवर गेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मधे पाऊस झाला होता. कपड्यांवरचा चिखल वाळून पुन्हा भिजला होता, नखं फुटली होती. आत्या, तिची सासू आणि धाकटा मुलगा गेले. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आणि मोठा मुलगा उडदाच्या राशीजवळ शेतात झोपायला गेले होते म्हणून राहिले. त्या रात्री त्या गावांतून जे वाचले त्यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट अशीच आहे: शेतात होतो, ओट्यावर होतो, बाहेरगावी होतो. ६.२ तीव्रतेचा भूकंप, सुमारे दहा हजार माणसं, बावन्न गावं मुळापासून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. दादांनी अंघोळ केली, जेवले नाहीत, आणि मला म्हणाले, "लाव." मी रेडिओ लावला. आकडे दर बातमीला वाढत होते.

यामुळे माझी परीक्षा अगदी साधी होती. काकांनी कितीही चांगलं काम केलं असतं आणि आवाज वेगळा आला असता, तर मी पैसे देऊन गप्प घरी आले असते आणि हे लिहिलं नसतं.

काम एकोणीस दिवसांनी झालं. तिसऱ्या खेपेला मी तिथंच स्टुलावर बसून बघितलं. त्यांनी डब्यातल्या पट्ट्या घासून, जिथं गंज खोल गेला होता तिथं नवीन पत्रा कापून बसवला होता. सुकलेले कंडेन्सर बदलले होते. बँड स्विच आणि गँग, म्हणजे स्टेशन बदलणारा भाग, धुऊन काढला होता. व्हॉल्यूम कंट्रोल नवा टाकावा लागला. जुना पूर्ण झिजला होता, आणि ते म्हणाले, "रोज एकाच जागी फिरवत होते वाटतं." होय, रोज एकाच जागी. स्पीकरचा कागद कडेला फाटला होता. नवा स्पीकर त्यांच्याकडे होता, पण त्यांनी तो लावला नाही. पातळ कागदाची पट्टी चिकटवून जुनाच सांभाळला. "स्पीकर बदलला की गळा बदलतो ताई," असं ते म्हणाले. एवढ्या एका वाक्यासाठी मी या दुकानाला शंभर माणसं पाठवीन, त्यांना आवडो न आवडो.

सगळ्यात वेळ गेला तो डायलच्या दोरीत. तीन चाकांवरून, एका स्प्रिंगला ताण देऊन ती ओवावी लागते, आणि काटा नेमक्या जागी चिकटवावा लागतो, नाहीतर आकडा एक दाखवतो आणि स्टेशन दुसरं लागतं. मग प्लास्टिकच्या बारीक पेचकसानं आयएफटी, म्हणजे स्टेशन नीट जुळवणाऱ्या आतल्या छोट्या कॉइल, जराजरा फिरवून आवाज मोकळा केला. हे मी मुद्दाम तपशिलात लिहिते आहे, कारण आठशे पन्नास रुपये ऐकून कुणी म्हणेल की एवढ्यात नवा येतो. येतो. मी त्या पैशांत त्यांचे एकोणीस दिवसांतले कितीतरी तास घेतले आहेत, आणि माझ्या मते त्यांनी कमीच घेतले.

सेट लागला तेव्हा दुकानात आणखी दोघं होते. एक मिक्सर घेऊन आलेल्या बाई आणि एक म्हातारबाबा, त्यांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलायचा होता. खरखर आली, मग तिच्यातून एक बाईचा आवाज वर आला. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज थोडा कमी केला. म्हातारबाबांनी कोपरा बघून विचारलं, कधी पडला. मी सांगितलं. आणि मग जे लातुरात नेहमी होतं ते झालं. कुणीही न विचारता प्रत्येक जण आपण तेव्हा कुठं होतो ते सांगायला लागलं.

मिक्सरवाल्या बाई तेव्हा नव्या नवरी होत्या, निलंग्याला. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर नसताना रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि कुणी काही बोललं नाही, हे त्यांना अजून आठवत होतं. म्हातारबाबा औशाच्या स्टँडवर बाकावर झोपले होते, मिरवणुकीमुळे एसटी चुकली होती. बाक चालायला लागला, म्हणाले. आणि काका तेव्हा याच गाळ्यात शिकाऊ होते. "दुपारपातुर दुकानातले सगळे सेल संपले. जो तो बातम्यासाठी सेल मागूलालता," असं ते सांगत होते. हातातलं काम थांबलं नव्हतं. "अन् दिवाळीच्या टायमाला रेडिओ यायला लागले. ढिगाऱ्यातले. आत निस्ती माती. ब्रशनं काढायची, पेट्रोलनं धुवायचं. उस्तादांनी एकाचेबी पैशे घेतले नाहीत. काहींत काय उरलंच नव्हतं, पण लोक म्हणायचे, बघा तर खरं."

नंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, रेडिओ चालू होता.

आमच्या घरात या रेडिओनं याआधीही वाईट बातम्या आणल्या होत्या. ३१ ऑक्टोबर १९८४ ला दादा मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शाळेतून लवकर घेऊन आले होते. इंदिराबाई गेल्याचं आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितलं, पण दादांना बीबीसीवरून आधीच समजलं होतं. पुढचे दिवस नुसती सारंगी. राजीव गांधींचं १९९१ च्या मे महिन्यात सकाळी दात घासताना कळलं. त्या दोन्ही वेळा आम्ही घरात बसून दूरचं ऐकत होतो. १९९३ ला पहिल्यांदा रेडिओ आमच्याबद्दल बोलत होता आणि आम्हाला ठाऊक होतं तेवढंही तो सांगू शकत नव्हता.

आता दुकानाच्या उणिवाही लिहिते. काका फोन उचलत नाहीत. दिलेल्या तारखेला काम होईलच असं नाही, माझ्या दोन खेपा वाया गेल्या. पावती म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा. गोलाईत गाडी लावायला जागा नाही, चालतच जा. आणि त्यांच्याकडे बसायला एकच स्टूल आहे, म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर संध्याकाळी चारच्या सुमाराला न्या, तेव्हा गर्दी नसते. बारीक दुरुस्तीला ते आगाऊ पैसे घेत नाहीत. मोठ्या कामाला शंभर घेतात.

आणखी एक. घरी आणल्यावर पहिल्या रात्री रेडिओ इतका गुणगुणायला लागला की मला वाटलं काम बिघडलं. दुसऱ्या दिवशी गेले तर काका म्हणाले, "एलईडी बल्ब अन् मोबाइलचा चार्जर बंद करून बघा. सेट बरोबर हाय." अगदी तसंच निघालं. आता मी तो गच्चीवर नेऊन लावते. रात्री नऊनंतर मीडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं येतात, तेलुगू, कन्नड, हिंदी. अँटेना आत असल्यामुळे सेटच जरासा फिरवायचा, एका दिशेला आवाज भरतो. दादा असाच मांडीवर ठेवून फिरवायचे. आवाज तोच आहे. जाड, थोडासा नाकातला, 'स' जरा पुसट.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी तो घेऊन किल्लारीला गेले. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नव्या गावात त्यांचं चारशे चौरस फुटांचं घर आहे. सरकारनं तेव्हा जमिनीप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं दिली, त्यातलं मधलं. घर मिळाल्यावरही कितीतरी वर्षं ते पुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचे. छताखाली डोळा लागत नव्हता. आताही उन्हाळ्यात अंगणातच असतात.

त्यांनी रेडिओ ओळखला. लग्नाच्या बोलणीला आले होते तेव्हा दादांनी तो मुद्दाम लावून ठेवला होता म्हणे. थोडा वेळ त्यांनी बटणं फिरवली. मग कोपऱ्यावर बोट थांबलं.

"हे कवा फुटलं?"

आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना हे माहीतच नाही. इतक्या वर्षांत आम्ही कधीच त्यांना सांगितलं नव्हतं की त्या पहाटे आम्ही कुठं होतो, काय करत होतो. लातुरातल्या सगळ्यांना सांगितलं, सासरी सांगितलं, माझ्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी सांगते. किल्लारीत तोंड उघडलं नाही. त्यांच्या घरातली तीन माणसं गेली आणि आमच्या घरातला रेडिओचा कोपरा गेला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दादांनीही कधी सांगितलं नाही. अडीच हाताच्या भिंतीबद्दल ते आत्याला काय बोलले होते, ते तर आईलाही पुन्हा काढू दिलं नाही.

मी मामांना सांगितलं. पत्रे वाजले ते, आई ओरडली ते, पदराची पिन, दोन तासांची खरखर, कोयना कोयना करणारी गल्ली. ते मधे मधे विचारत होते. "अन् तुमच्या भिंतीला कायबी झालं न्हाई?" "अन् तुझा भाऊ रडला का?" लहान मुलाला गोष्ट हवी असते तसं त्यांना सगळं क्रमानं हवं होतं. शेवटी म्हणाले, "म्हंजी तुझे दादा चार वाजल्यापासनं आमचंच ऐकूलालते."

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, त्यांना सकाळीच कळलं."

मग त्यांनी सेल किती दिवस जातात ते विचारलं. मी म्हटलं, रोज दोन तास लावला तर महिनाभर तरी. रेडिओ मी त्यांच्याकडेच ठेवून आले. फक्त एक सांगून आले, तेच तुम्हालाही सांगते: वापरायचा नसेल तेव्हा सेल आत ठेवू नका, काढून बाजूला ठेवा. काकांनी झाकणाच्या आत बॉलपेननं तेवढंच लिहून दिलं आहे.